घटस्फोटाचा अर्ज कोणत्या महिन्यात लावावा?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच प्रश्नाभोवती फिरतात. निर्णय झालेला आहे, आता अर्ज कधी लावायचा? दिवाळी आधी की नंतर, परीक्षा आधी की नंतर, मार्च संपू द्यायचा का? ही उत्तरं कुटुंब न्यायालयात काम करणारे वकील, समुपदेशक आणि करसल्लागार यांनी मिळून लिहिली आहेत. ती हिंदू विवाह कायदा १९५५ धरून आहेत. नागरी पद्धतीने, म्हणजे विशेष विवाह कायदा १९५४ खाली लग्न झालं असेल तर कलमांचे आकडे बदलतात, पण सहमतीच्या घटस्फोटातलं एक वर्ष आणि सहा महिने तेच राहतात.

प्रश्न : आम्ही दोघं १० जून २०२५पासून वेगळे राहतो. भांडण उरलेलं नाही, दोघांनाही सहमतीनेच वेगळं व्हायचं आहे. मुलगी २०२६-२७मध्ये दहावीत असेल. नणंद म्हणते दिवाळी होऊ दे. एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की सहा महिन्यांची अट आता माफ होते, त्यामुळे घाई नको. आमच्यासाठी योग्य काळ कोणता? (एक वाचक, सुदामा नगर, इंदूर)

ताई, महिना ठरवण्याआधी चार तारखा एका कागदावर लिहा : लग्नाची, वेगळं राहायला लागल्याची, मुलीच्या पहिल्या पेपरची, आणि देण्याघेण्याचा शेवटचा हप्ता खरोखर जमेल ती. योग्य काळ या चार तारखांतूनच निघतो.

सहमतीच्या घटस्फोटासाठी कलम १३-ब लागतं. अर्ज लावण्याच्या लगेच आधी तुम्ही किमान एक वर्ष वेगळे राहत असायला हवेत. तुमचं वर्ष १० जून २०२६ला पुरं होतं. त्याआधी लावलेला अर्ज टिकत नाही, मग दोघांची कितीही सहमती असो. अर्ज लावल्यावर पहिला जबाब होतो, त्याला सगळे फर्स्ट मोशन म्हणतात. अर्जाच्या तारखेपासून सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी मिळून पुन्हा न्यायालयासमोर जायचं, तो सेकंड मोशन. तिथे दोघांची सहमती कायम आहे हे न्यायाधीश स्वतः विचारून घेतात आणि मग हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश, होतो.

आता सहा महिने माफ होण्याचं. सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २०१७च्या निकालात ही मुदत माफ करता येते असं सांगितलं, हे खरं आहे. पण त्यातली पहिलीच अट लोक वाचत नाहीत : वेगळं राहण्याचं एक वर्ष आणि वरचे सहा महिने, असे मिळून दीड वर्ष फर्स्ट मोशनच्या आधीच उलटलेलं असावं. तुमच्या बाबतीत हे दीड वर्ष १० डिसेंबर २०२६ला पुरं होईल. म्हणजे माफीच्या आशेवर थांबलात तर डिसेंबरमध्ये अर्ज, त्यानंतर आठवड्याने माफीचा अर्ज, आणि तो मंजूर करणं न करणं न्यायाधीशांच्या हातात. उलट जूनच्या शेवटी अर्ज लावलात तर सरळ वाटेने सहा महिने डिसेंबरच्या शेवटी संपतात आणि कुणाकडे माफी मागावी लागत नाही. थांबून काहीच हाती लागत नाही. माफीचा खरा उपयोग त्यांना, जे दोन-चार वर्षं आधीच वेगळे राहत आहेत आणि ज्यांचं देणंघेणं, मुलांचा ताबा सगळं ठरून झालेलं आहे.

दिवाळीनंतरचा सल्लाही हिशेबात बसत नाही. २०२६मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. त्यानंतर अर्ज लावला तर फर्स्ट मोशन नोव्हेंबरच्या शेवटी आणि सहा महिने मे २०२७मध्ये पुरे, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्या आणि बदल्यांच्या तोंडावर. न्यायाधीशांची बदली झाली की नवे न्यायाधीश फाइल पहिल्यापासून वाचतात आणि तुमची एखाद-दोन तारीख तशीच जाते.

म्हणून आमचा कल असा : जूनअखेर किंवा जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज, जानेवारी २०२७मध्ये दुसरा जबाब. बोर्डाचे पेपर साधारण फेब्रुवारीच्या मध्यावर सुरू होतात. जानेवारीत काही कारणाने तारीख हुकली तर दुसरी सरळ एप्रिलमध्ये मागा. कायद्याने तुम्हाला डिसेंबर २०२७पर्यंत वेळ आहे, तो वापरा. मुलीला दहावीच्या वर्षात त्रास होतो तो न्यायालयाच्या तारखांमुळे कमी आणि घरातल्या हालचालींमुळे जास्त : सामान हलवणं, नातेवाइकांच्या बैठका, तिच्या खोलीतलं कपाट कुणाकडे जाणार याची तिच्यासमोर झालेली चर्चा. ही सगळी कामं शेवटच्या पेपरनंतर ठेवा आणि तसं करारातच लिहा. ताबा आणि भेटी दोघांनी ठरवलेल्या असतील तर सहमतीच्या प्रकरणात तिला न्यायालयात न्यायची वेळ सहसा येत नाही.

करारात चुका होतात त्या ठरलेल्या जागीच होतात. पहिली डिमांड ड्राफ्टची. ठरलेली रक्कम दोन भागांत देतात, अर्धी पहिल्या जबाबाला, अर्धी दुसऱ्याला, आणि ते योग्यच आहे, कारण हुकूमनामा होईपर्यंत कुणीही सहमती मागे घेऊ शकतं. पण विश्वास बसावा म्हणून दोन्ही ड्राफ्ट एकदमच काढून वकिलांकडे ठेवतात. ड्राफ्टची मुदत तीन महिने असते. सहा महिन्यांनी तो बाहेर काढाल तेव्हा बाद झालेला असेल आणि तारीख वाया जाईल. दुसऱ्या हप्त्याची रक्कम मुदत ठेवीत ठेवा, पावतीची प्रत करारासोबत लावा, आणि ड्राफ्ट सेकंड मोशनच्या आठवड्यात काढा.

दुसरी चूक सोन्याची. यादीत ‘पाटल्या चार तोळे’ असं लिहितात. जुन्या माणसांचा तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजच्या दुकानातला १० ग्रॅमचा. चार तोळ्यांत साडेसहा ग्रॅमपेक्षा जास्त फरक पडतो, आणि आजच्या भावाने त्यावरून भांडण पेटतं. सराफ्यातल्या एखाद्या पेढीवर दोघांच्या घरच्या एकेका माणसासमोर वजन करा, ग्रॅम आणि कॅरेट लिहून घ्या, पावती करारासोबत लावा. रुपयांत किंमत लिहूच नका, सहा महिन्यांत भाव बदलतो.

तिसरी चूक पुराव्याची. वेगळं राहण्याचा पुरावा म्हणून भाडेकरार लावतात, पण तो अकरा महिन्यांचा असतो. म्हणजे नेमका बारावा महिना उघडा पडतो. पहिला करार आणि त्याचं नूतनीकरण असे दोन्ही कागद जोडा, सोबत दोन्ही घरांची वीजबिलं. मध्य प्रदेशात समग्र आयडी, म्हणजे कुटुंबाची सरकारी नोंद, असते, त्यात तुम्ही अजून एकाच परिवारात नोंदलेले असाल तर त्याने अर्ज अडत नाही. पण पुढे मुलीच्या शिष्यवृत्तीच्या आणि प्रवेशाच्या कागदांत ती नोंद लागते, तेव्हा हुकूमनाम्याची प्रत मिळताच परिवार वेगळा करून घ्या.

एक शब्द मात्र जपून. इंदूरच्या न्यायालयात काम हिंदीतून चालतं आणि तिथे ‘राजीनामा’ म्हणजे तडजोड. तुमच्या आदेश पत्रिकेत, म्हणजे प्रत्येक तारखेच्या न्यायालयीन नोंदीत, ‘राजीनामा’ लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, कुणी नोकरी सोडलेली नाही. तसंच मराठीतली पत्रं आणि व्हॉट्सॲपचे संदेश जोडायचे असतील तर त्यांचं हिंदी भाषांतर सोबत लागतं, ते आधीच करून ठेवा.

प्रश्न : आई म्हणते अधिक महिन्यात आणि पितृपक्षात असलं काम सुरू करू नये. तिचं मन मोडवत नाही. तेवढे दिवस टाळले तर नुकसान होईल का?

सहमतीचं प्रकरण असेल तर नुकसान नाही, आईचं मन राखा. यंदाचा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून २०२६ आहे. त्या काळात हायकोर्टाची उन्हाळी सुटीही असते आणि एकूणच कामं मंदावलेली असतात. धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारशांचं वाण जातं, त्या दिवसांत जावयाला नोटीस पाठवणं आईला जड वाटणार, हे समजण्यासारखं आहे.

पितृपक्षाचं गणित जरा निराळं. तो १० ऑक्टोबरला सर्वपित्री अमावास्येला संपतो. लगेच नवरात्र, २० ऑक्टोबरला दसरा, ८ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. पितृपक्ष टाळून नवरात्रात अर्ज लावला तर पहिली तारीख दिवाळीच्या सुटीत अडकते आणि पुढची नोव्हेंबरच्या शेवटी लागते. तेव्हा टाळायचाच असेल तर गणपतीच्या आधी लावा, किंवा सरळ दिवाळीनंतर. आणि पोटगीचा अर्ज करायचा असेल तर पितृपक्षही टाळू नका. कारण पुढच्या एका उत्तरात आहे.

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला तिचा नवरा मारतो. ती म्हणते, मुलाची सहामाही होऊ दे, मग बघू. तिला कोणत्या महिन्यात अर्ज करायला सांगू?

आज. मारहाणीत महिना बघायचा नसतो.

तिला घटस्फोटाचा अर्ज करावाच लागेल असंही नाही. घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा, २००५, हा वेगळा आहे. त्यातल्या कलम १२ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज होतो, पहिली सुनावणी अर्जापासून साधारण तीन दिवसांत ठेवायची असते आणि साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा असतो. प्रत्यक्षात साठ दिवस लांबतात, पण तातडीचा अंतरिम आदेश नवऱ्याची बाजू ऐकण्याआधीही मिळू शकतो. त्यात त्याने तिला हात लावू नये, घरातून काढू नये, खर्चाला पैसे द्यावेत, हे सगळं येतं. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ती जिथे नांदत होती त्या घरात राहण्याचा हक्क ती मागू शकते.

मार लागला असेल तर त्याच दिवशी एम. वाय.मध्ये किंवा कोणत्याही सरकारी रुग्णालयात जाऊन वैद्यकीय-कायदेशीर नोंद करून घ्या. डॉक्टरांना ‘जिन्यावरून पडले’ असं सांगू नये. त्या एका वाक्यावर पुढे प्रकरण ढासळतं, कारण तो कागद डॉक्टरांच्या अक्षरातला असतो आणि नंतर बदलत नाही. फोन १८१, जिवाला धोका असेल तर ११२. वकिलाच्या फीचा प्रश्न असेल तर विधी सेवा कायदा १९८७ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० लावा.

सहामाही पुन्हा येईल, ताई. तिला आजच घेऊन या.

प्रश्न : मी गृहिणी आहे, हे नोकरीत आहेत. सहमती होण्याची शक्यता नाही. अर्ज मार्चच्या आधी लावला तर पोटगीत फरक पडतो का? आधी कोणते कागद गोळा करू?

पोटगीचा मुद्दा आधी, कारण इथे थांबणाऱ्या बायकांचं खरोखर नुकसान होतं. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२०च्या निकालात स्पष्ट केलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. निकाल दोन वर्षांनी लागला तरी मोजणी अर्जाच्या दिवसापासून. म्हणजे तुम्ही ‘मार्च होऊ दे’ म्हणून जे पाच महिने थांबलात, ते पाच महिने कायमचे गेले. यांचा पगार एप्रिलमध्ये वाढणार असेल तरी थांबू नका. रक्कम ठरल्यावरही परिस्थिती बदलली की ती वाढवून मागता येते. घटस्फोटाचा अर्ज परीक्षेसाठी, घरासाठी मागे ठेवायचा असेल तर ठेवा, पण पोटगीचा अर्ज वेगळा लावता येतो. पूर्वी ते दंड प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं. जुन्या छापील नमुन्यावर १२५ दिसलं तर तेवढं बदलून घ्या.

त्याच निकालाने दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र सक्तीचं केलं. समोरच्याला उत्तर आणि शपथपत्र देण्यासाठी जास्तीत जास्त चार आठवडे. इथेच आर्थिक वर्षाचा संबंध येतो. शपथपत्रात मागच्या तीन वर्षांची विवरणपत्रं, फॉर्म १६, बँकेचे उतारे मागतात. नोकरदाराला फॉर्म १६ साधारण १५ जूनपर्यंत मिळतो. त्यामुळे जूननंतर लावलेल्या अर्जात ताज्या पगाराचा आकडा लपवणं कठीण होतं. पण तुम्ही आधी अर्ज लावला आणि जूनमध्ये नवा फॉर्म १६ आला, तर तो हजर करायला लावण्याचा अर्ज करता येतो. म्हणून जूनसाठी थांबण्याचं कारण नाही.

कागद गोळा करताना घरातल्या कपाटापासून सुरुवात करा आणि एकाच दिवशी सगळं उचलू नका. मोबाइलवर फोटो काढून तुमच्या स्वतःच्या नव्या ईमेलवर पाठवा. तो ईमेल घरातल्या कोणत्याही फोनवर उघडा ठेवू नका. लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र, ते नसेल तर पत्रिका आणि सप्तपदीचा फोटो. मुलांचे जन्मदाखले, शाळेच्या फीच्या पावत्या (वर्षभराच्या, एका महिन्याच्या नव्हे, कारण एप्रिलची फी आणि ऑक्टोबरची फी सारखी नसते). यांच्या पगाराची पावती, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, विम्याच्या पॉलिसींचे क्रमांक, गाडीचं आरसी, घराची रजिस्ट्री आणि गृहकर्जाचा उतारा. महिन्याच्या खर्चाची वही ठेवत असाल तर ती सगळ्यात मोलाची. किराणा, दूध, गॅस, औषधं, ट्यूशन, तारखेसकट. सहा महिन्यांची अशी वही न्यायाधीशांसमोर पंचवीस पानी अर्जापेक्षा जास्त बोलते.

गृहकर्जात तुमचं नाव सहकर्जदार म्हणून असेल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात ‘हप्ते नवरा भरेल’ असं लिहिलं तरी बँक त्याला बांधील नसते. हप्ता थकला की तुमचाही सिबिल खराब होतो. करार करतानाच कर्ज एकाच्या नावावर बदलून घ्या, किंवा घर विकून कर्ज फेडण्याची तारीख ठरवा. घर एकमेकांच्या नावावर करायचं असेल तर कलेक्टर गाइडलाइन, म्हणजे मालमत्तेचे सरकारी दर, साधारण १ एप्रिलपासून बदलते, तेव्हा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रजिस्ट्रार ऑफिसात गर्दी उसळते. स्लॉट फेब्रुवारीतच घ्या.

कर कसा लागतो तेही सांगून ठेवतो. एकरकमी मिळालेली पोटगी भांडवली स्वरूपाची धरली जाते आणि तिच्यावर आयकर लागत नाही. दरमहा मिळणारी पोटगी मात्र उत्पन्नात मोजली जाते. देणाऱ्याला दोन्हींवर कसलीही वजावट नाही. विम्यातलं आणि बँकेतलं नामनिर्देशन घटस्फोटाने आपोआप बदलत नाही, ते दोघांनीही आठवणीने बदलावं. आणि यांच्या कंपनीच्या आरोग्य विम्यात तुम्ही असाल तर हुकूमनाम्यानंतर त्यातून बाहेर पडाल. स्वतःची पॉलिसी त्याच्या कितीतरी आधी सुरू करा, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो आणि तो पॉलिसीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात.

प्रश्न : पत्नी दोन वर्षांपूर्वी देवासला माहेरी गेली. पण दर वर्षी महालक्ष्म्यांना तीन दिवस येते, आवाहनापासून विसर्जनापर्यंत, सगळं सोवळ्यात करते आणि परत जाते. तिने मला सोडलं या कारणावर अर्ज करता येईल का? महालक्ष्म्यांमुळे दोन वर्षं तुटतात का?

सोडून जाण्याच्या कारणासाठी अर्जाच्या लगेच आधीची सलग दोन वर्षं लागतात आणि दोन गोष्टी दाखवाव्या लागतात : ती खरोखर वेगळी राहिली, आणि परत न येण्याच्या इराद्याने राहिली. कुळाचार करायला येणं, नातेवाइकांच्या गर्दीत तीन दिवस राहणं आणि वेगळ्या खोलीत झोपणं, याने संसार पुन्हा सुरू झाला असं होत नाही. पण समोरचे वकील नेमकं उलट मांडतील : ती नांदायला येत होती, दर वर्षी तीच तयारी करत होती, यांनीच तिला ठेवून घेतलं नाही. आणि हे म्हणणं वजनदार आहे. ज्या घरात महालक्ष्म्यांच्या पुढ्यात सून म्हणून ती ओटी भरते, त्या घराला तिने सोडलं आहे हे सिद्ध करणं सोपं नाही.

शिवाय ती काही सबळ कारणाने, म्हणजे त्रासाने वा अपमानाने गेली असेल, तर कायद्याने ते सोडून जाणं ठरतच नाही. ती का गेली याचं उत्तर तुमच्या पत्रात नाही. ते स्वतःला विचारा, आणि शक्य असेल तर तिला.

सहमतीच्या अर्जात मात्र याच महालक्ष्म्या आड येत नाहीत. तिथे ‘वेगळं राहणं’ म्हणजे पती-पत्नी म्हणून न राहणं. एका छताखाली राहूनही ते असू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्येच म्हटलं आहे. वर्षातून तीन दिवस येऊन इतक्या निष्ठेने पूजा करणाऱ्या माणसाशी बोलणं अजून शक्य आहे असं आम्हाला वाटतं. आधी मध्यस्थी केंद्रात जा. तिथलं बोलणं गुप्त राहतं, नंतर पुरावा म्हणून वापरता येत नाही. लोकअदालतीचा विचार करत असाल तर तिथे पोटगीची किंवा पैशांची तडजोड होऊ शकते, घटस्फोट मिळत नाही.

प्रश्न : माझं सासर पुण्याचं, मी सध्या इंदूरला माहेरी. नवरा पुण्यात अर्ज लावणार असं कानावर आलं आहे. मी आधी लावला तर?

पत्नीला ती जिथे राहते तिथल्या न्यायालयात अर्ज लावता येतो. २००३पासून कायद्यात तसं स्पष्ट आहे. आणि कोण आधी लावतो याला अर्थ आहे. एकाचा घटस्फोटाचा अर्ज आधी दाखल असेल तर दुसऱ्याने नंतर दुसरीकडे लावलेला तसाच अर्ज पहिल्या न्यायालयाकडे पाठवला जाऊ शकतो. त्याने आधी लावलाच तर इंदूरला बदलून मागण्यासाठी तुम्हाला सर्वोच्च न्यायालयात जावं लागतं, कारण राज्यं वेगळी. लहान मूल, उत्पन्न नसणं, सोबतीला कुणी नसणं, ही कारणं तिथे ऐकली जातात.

नोटिशीचं बघा. मे-जूनमध्ये आणि दिवाळीत माणसं गावाला असतात आणि नोटीस ‘घर बंद’ शेऱ्यानिशी परत येते. प्रत्येक परतीने एक-दोन महिने जातात. अर्जातच त्याच्या घराचा, ऑफिसचा आणि मूळ गावाचा असे तीन पत्ते द्या. तामील, म्हणजे नोटीस हाती पोहोचवणं, नीट झाली नाही आणि एकतर्फी निकाल लागला तर तो आनंद टिकत नाही : समोरचा निकाल कळल्यापासून तीस दिवसांत तो रद्द करायला येतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. उलट तुमच्याच नावाची नोटीस आली तर घ्या. नाकारलेली नोटीसही मिळाली असंच धरतात. ती मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी उत्तर द्यायचं, फार तर नव्वद दिवसांपर्यंत परवानगीने. तारखा ई-कोर्ट्स ॲपवर सीएनआर, म्हणजे प्रकरणाचा अक्षरं-अंक मिळून सोळा चिन्हांचा क्रमांक, टाकून स्वतः बघत जा.

प्रश्न : मुलाचा घटस्फोट ऑगस्टमध्ये झाला. चांगलं स्थळ आलं आहे, तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला मुहूर्त धरायचा आहे. चालेल?

हुकूमनामा कोणत्या प्रकारचा आहे त्यावर अवलंबून आहे. सहमतीने झाला असेल तर कुटुंब न्यायालयाच्या अशा हुकूमनाम्यावर अपील नाही. प्रमाणित प्रत हातात घेऊन पुढे जाता येतं. वादातून झाला असेल तर अपिलाची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. कुटुंब न्यायालय कायद्यात ती तीस दिवस लिहिली आहे, हिंदू विवाह कायद्यात नव्वद. सुरक्षित वाट म्हणजे नव्वद धरणं. ऑगस्टच्या शेवटी निकाल असेल तर नव्वद दिवस नोव्हेंबरच्या शेवटी भरतात, आणि तुळशीचं लग्न या वर्षी त्याच्या थोडं आधी येतं. पहिला मुहूर्त सोडा, डिसेंबरमधला धरा.

त्याआधी दोन कामं. नकल शाखेतून प्रमाणित प्रत आजच मागवा. आणि मुदत संपल्यावर हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठाच्या संकेतस्थळावर मुलाच्या आणि आधीच्या सुनेच्या अशा दोन्ही नावांनी शोध घ्या, अपील दाखल झालेलं आहे का ते बघायला. शेवटच्या दिवशी दाखल झालेलं अपील दिसायला काही दिवस लागतात, तेव्हा पत्रिका छापायला टाकण्याआधी आठवडाभराने पुन्हा एकदा बघा. नव्या सुनेच्या घरच्यांना हुकूमनाम्याची प्रत मागण्याची वेळ येऊ देऊ नका, बोलणी सुरू होतानाच त्यांच्या हातात द्या.